एका जेवणापुरतं

सरकत्या जिन्यावरून वर येणाऱ्या गर्दीत मी आप्पांचा पांढरा सदरा आणि टोपी शोधत होते. कॉफीच्या रंगाचा ब्लेझर घातलेला एक बोडका माणूस माझ्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला, तरी मी त्याच्या खांद्यावरून पलीकडेच बघत होते.

“वैजू, हितं हाय की मी.”

“हे काय घातलंय, आप्पा?”

“ब्लेझर.” शब्द त्यांनी जपून उच्चारला. “शिवून घ्यायला सवड न्हवती, तयारच घेतला. खांद्यात ढिला वाटतोय व्हय?”

खांद्यात ढिला होता, पोटावर ताणलेला होता. मार्चच्या उन्हात विट्याहून एसटीनं तो अंगात घालूनच आल्यामुळे आप्पांचा चेहरा घामानं निथळत होता. मी रुमाल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं आणि मॉलच्या काचेच्या छताकडे मान वर करून बघितलं.

“दुकानात कोण बसलंय?” मी विचारलं.

“आज बंद ठेवलंय.”

“रविवारी?”

आप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

विट्यातलं आमचं मटणाचं दुकान रविवारी बंद राहिलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. दुकान आजोबांनी काढलेलं. त्यांच्यानंतर आप्पा बसले. रविवार म्हणजे आठवड्याचा निम्मा धंदा, त्यामुळे रविवारी पडलेल्या कुठल्याच लग्नाकार्याला आप्पा दुपार टळल्याशिवाय पोचायचे नाहीत. आई या एका गोष्टीवरून आयुष्यभर कुरकुरत राहिली आणि कुरकुरतच गेली. म्हणून तर मी परागला शनिवार सुचवला होता. तो म्हणाला होता, “रविवारच बरा. तुझे वडील येतील, बघ तू.” त्याला एवढी खात्री कुठून, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

परागची आणि माझी ओळख दोन वर्षांची. मी पुण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायचं काम करायचे, तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होता. चष्म्यासाठी आला आणि येत राहिला. लग्न करायचं हे आमचं ठरलं होतं. राहिली होती ती मोठ्यांची भेट. मोठी म्हणजे तरी दोनच माणसं, माझे वडील आणि त्याची आई. जागा परागनं निवडली. या मॉलमध्ये स्टेक आणि रिब्जचं एक नवं हॉटेल निघालं होतं, तिथे दुपारचं जेवण घेऊ म्हणाला. मला वाटलं, आप्पा मटण खाणारे म्हणून त्यानं विचार करून निवडलं असेल.

मग शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मला खरं काय ते सांगितलं.

“आईला मी म्हणालोय की तुझ्या वडिलांचा फूड प्रोसेसिंगचा व्यवसाय आहे.”

“कसला?”

“फूड प्रोसेसिंग. खोटं नाहीये ते, तांत्रिकदृष्ट्या.”

“माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे, पराग.”

“मला माहितीये. आईला एकदम सांगितलं तर तिला पेलवणार नाही. ती जुन्या वळणाची आहे. फक्त एका जेवणापुरतं, वैजू. लग्न झालं की हळूहळू सांगू.”

मी त्याच्याशी खूप भांडले. भांडून झाल्यावर मनाशी ठरवलं की रविवारी जेवणाच्या टेबलावर मीच काकूंना सांगून टाकायचं, सरळ, हसत. आप्पांना यातलं काही कळवायचं नाही. आपल्या धंद्याची कुणाला लाज वाटते हे त्यांना कशाला कळायला हवं?

हॉटेलच्या दारात पराग आणि त्याची आई उभे होते. आत जागा नव्हती. दारावरच्या मुलीनं परागच्या हातात एक चपटी डबी दिली होती. टेबल रिकामं झालं की ती थरथरणार होती. काकू मोतिया रंगाच्या सुती साडीत, पाठ ताठ ठेवून उभ्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी त्यांना यापूर्वी दोनदाच भेटले होते. बोलणं कमी, आणि डाव्या कानानं ऐकू जरा कमी येतं, एवढंच मला माहीत होतं.

“नमस्कार,” आप्पा पुढे होत म्हणाले. “मी दत्तात्रय घोडके. आपली भेट झाली, अत्यंत आनंद झाला.”

मी आप्पांकडे बघतच राहिले. हे असं ते फक्त नगरपालिकेच्या कार्यक्रमात माईक हातात आला की बोलायचे.

“प्रवास कसा झाला?” काकूंनी विचारलं.

“उत्तम झाला. गाडी आणणार होतो, परंतु चालक रजेवर आहे.”

चालक! आमच्या घरी एक लूना होती, आणि तीही किक मारून मारून सुरू व्हायची. मी परागकडे बघितलं. पराग हातातल्या डबीकडे बघत होता. तेवढ्यात ती थरथरली आणि तो जवळजवळ उडी मारून म्हणाला, “चला, चला, टेबल मिळालं.”

आत संगीताचा नुसता गदारोळ होता. भिंतीवर बैलाची भलीमोठी शिंगं टांगलेली, लाकडी बाकं, चौकड्यांचे लाल शर्ट घातलेले वेटर. मी काकूंच्या उजव्या हाताला बसायला गेले, तर परागनं तिथे आप्पांना बसवलं आणि मला डावीकडे. म्हणजे मी जे काही बोलणार ते काकूंच्या त्या कानाशी. हे त्यानं मुद्दाम केलं की आपसूक झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

वेटरनं प्रत्येकाच्या गळ्यात कागदी रुमाल बांधले. लहान मुलांना बांधतात तसे. आप्पांनी मान पुढे करून तो बांधून घेतला. ब्लेझर काढायला मी खुणावलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मेनूकार्ड आलं. ते एवढं मोठं होतं की त्याच्या आडून समोरचा माणूस दिसेना.

“काकू,” मी म्हणाले, “मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती.”

“काय?” काकूंनी मान वळवली.

“आमच्या घरच्या—”

“आज आमच्याकडे खास लॅम्ब रिब्ज आहेत,” वेटर माझ्या डोक्यावरून म्हणाला. “सोबत मक्याचं कणीस, भाजलेला बटाटा, आणि सॉस चार प्रकारचे. स्मोकी, हनी, पेरी-पेरी—”

सगळं म्हणून होईपर्यंत मी थांबले. परागनं आप्पांसाठी आणि स्वतःसाठी रिब्ज सांगितल्या, माझ्यासाठी चिकनचा स्टेक, काकूंसाठी भाजलेला मासा. मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही, आणि त्या क्षणी मला खाण्याशी काही देणंघेणंही नव्हतं.

वेटर गेल्यावर काकू आप्पांकडे वळल्या. “व्यवसायाचं स्वरूप नेमकं काय आपल्या? पराग मला धड सांगत नाही.”

आता आप्पा सांगतील, मला वाटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकायच्या बेतात होते.

“आमचे मुख्यत्वे शीतगृहाचे काम आहे,” आप्पा म्हणाले. “कोल्ड स्टोरेज. शिवाय गाड्या आहेत. वातानुकूलित. माल इकडून तिकडे पाठवायचा म्हटले की गाडी उत्तम स्थितीत हवी. मी चालकांवर सोडत नाही. इंजिनाचे सगळे मी स्वतः बघतो. पहाटे उठून बॉनेट उघडतो, ऑइल बघतो, पट्टा बघतो. आवाजावरून कळते गाडीला काय होते आहे ते.”

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे आप्पांना सगळं ठाऊक होतं! परागनं मला सांगायच्या आधी त्यांना फोन केला होता, आणि आप्पांनी मला न कळवता ब्लेझर विकत घेतला होता. मीच एकटी असं धरून चालले होते की आपण आप्पांना जपतोय.

“आप्पा,” मी म्हणाले.

टेबलाखाली त्यांच्या बुटाची टाच माझ्या पायावर आली. जोरात.

“वैजयंताला धंद्यातले काही कळत नाही,” ते काकूंना हसत म्हणाले. “शिक्षणात डोके.”

मी पुन्हा तोंड उघडलं, तर पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस निघाला. सगळे वेटर धावत आले, एकानं ढोल काढला, बाकीचे टाळ्या पिटत नाचायला लागले. काकूंनी कानावर हात ठेवले. ढोल थांबेचना. थांबला तेव्हा जेवण आलं, आणि जेवण चुकीचं आलं. माझ्यापुढे मासा, काकूंपुढे स्टेक. ते परत गेलं, पुन्हा यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात आप्पांनी शीतगृहाला आणखी एक मजला चढवला.

रिब्ज मात्र बरोबर आल्या होत्या. लाकडी फळीवर बरगड्यांची सबंध रांग, वरून गोडसर दाट सॉस ओतलेला, बाजूला एक दातेरी सुरी. आप्पांनी सुरी उचलली आणि मुठीत धरली. दगड धरावा तशी. काट्यानं बरगडी दाबली, ती निसटली, सॉसचा शिंतोडा ब्लेझरवर उडाला.

“अरे अरे,” ते ओशाळून म्हणाले. “सवय नाही.”

“अशी धरा,” पराग म्हणाला. त्यानं आपली सुरी उचलून दाखवली. “तर्जनी वरून ठेवायची. हाडाच्या बाजूनं सुरी आणायची, आणि जोर लावायचा नाही. हं. असं.”

“असं?” आप्पांनी विचारलं.

“हां, येतंय, येतंय.”

आप्पांनी कौतुकानं मान डोलावली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्या हातांनी आख्ख्या विट्यातल्या जत्रा आणि बारशी जेवू घातली होती. आणि आत्ता ते हात सुरी मुद्दाम वाकडी धरत होते, कुणाला संशयसुद्धा येऊ नये म्हणून. मला टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं.

“मी पुढच्या महिन्यात विट्याला येते,” काकू मासा सोडवत म्हणाल्या. “घर बघेन, तुमचं ते शीतगृहही बघेन. मला अशा गोष्टी बघायला आवडतात.”

आप्पांचा घास तोंडातच राहिला. परागनं पाणी प्यायलं.

“आई, अगं तोवर सगळं बंद झालेलं असेल,” तो म्हणाला. “काका निवृत्त होतायत ना. पाडव्यापासून.”

“निवृत्त?” मी विचारलं. “कोण निवृत्त?”

आप्पा ताटाकडे बघत होते.

“आप्पा, कोण निवृत्त होतंय?”

“गाळा भाड्यानं द्यायचं ठरलंय,” ते म्हणाले. हॉटेलात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून विट्याचा आवाज आला. “मोबाइलवाला हाय एक. पाडव्याला किल्ली देतो म्हणून सांगितलंय.”

“कुणी ठरवलं?”

“आम्ही बोललो होतो,” पराग हळू आवाजात म्हणाला. “काकांना पटलं. नंतर बोलू आपण, वैजू. घरी.”

“तू त्यांना दुकान बंद करायला सांगितलंस?”

“सांगितलं नाही. सुचवलं.”

“कसलं दुकान?” काकूंनी विचारलं.

“काकू,” मी त्यांच्याकडे वळले, “माझ्या वडिलांचं शीतगृह नाहीये. मटणाचं दुकान आहे.”

“काय?” त्यांनी कानामागे हात धरला.

“मटणाचं दुकान!”

“कसलं?”

“मटणाचं! बोकडाच्या मटणाचं! गेली चाळीस वर्षं ते स्वतः मटण विकतात, आणि मला त्याची लाज वाटत नाही!”

शेवटचं वाक्य मी ओरडलेच. वाढदिवसाचं टेबल वळून बघायला लागलं. ढोलवाला वेटरही थबकला. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

काकूंनी काटा खाली ठेवला. आधी आप्पांकडे बघितलं, मग परागकडे.

“तू मला काय सांगितलं होतंस?”

“आई, तुला त्रास होईल म्हणून—”

“तुला कोणी सांगितलं मला त्रास होईल?”

“होणार नव्हता?”

“झाला असता,” काकू म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? दोन दिवस मला ते खटकलं असतं. तिसऱ्या दिवशी मी विट्याला गेले असते, यांच्या घरी जेवले असते आणि परत आले असते. पण तेवढी संधी तू मला दिलीच नाहीस. माझं नाव पुढे केलंस आणि मोकळा झालास.”

“आई, इथे नको.”

“इथेच. जागा तूच निवडलीस.”

पराग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “एवढं ओरडायची गरज होती? सगळे बघतायत.”

“काकूंना दोनच दिवस खटकलं असतं, पराग. मग त्रास कुणाला होणार होता?”

“मी दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो,” तो म्हणाला. “तू घरात होतीस. मी चालत दुकानापर्यंत गेलो, म्हटलं काकांना भेटावं. दारातच थांबलो. ते काम करत होते, आणि... मला आत नाही जाता आलं. सासरे काय करतात म्हणून उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर मी काय सांगू? मला नाही जमणार ते. मी प्रयत्न केला, वैजू, खरंच केला.”

त्याच्या पुढ्यातल्या फळीवर चाटून पुसून साफ केलेल्या बरगड्या एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या होत्या.

मी गळ्यातला कागदी रुमाल ओढून काढला आणि उठले.

“खाली बस,” आप्पा म्हणाले.

“चला आप्पा.”

“मी म्हणतोय, खाली बस.”

“मी बाहेर थांबते.”

मला वाटलं, ते माझ्या मागोमाग येतील. आले नाहीत. मी कठड्याला टेकून बाहेर उभी राहिले आणि काचेतून आत बघत राहिले. पराग केव्हाच उठून कुठेतरी गेला होता. टेबलावर आप्पा आणि काकू दोघंच. आप्पा काहीतरी बोलत होते, हात न हलवता, मान खाली घालून. काकू त्यांच्याकडे चांगला कान करून ऐकत होत्या. त्यांनी आपल्या हातानं आप्पांच्या ताटात भाजलेला बटाटा वाढला. आप्पांनी तो खाल्ला! मी बाहेर ताटकळतेय, माझं लग्न मोडलंय, आणि आप्पा बटाटा खातायत. त्या दिवशी इतक्या गोष्टींचा संताप आला, पण त्या बटाट्याइतका कशाचाच नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी ब्लेझर काढून हातावर घेतला. आतला सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, “स्वारगेट.”

स्टँडवर विट्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी शेंगदाण्याची पुडी आणली, त्यांनी घेतली नाही.

“तुम्ही माझ्यावर चिडलाय?” मी विचारलं.

“मग काय आरती ओवाळू?”

“आप्पा, त्यानं तुम्हाला दुकान बंद करायला लावलं. आणि तुम्ही ऐकलंत. मला न विचारता.”

“आन् तू मला इचारलंस?”

“काय विचारायचं त्यात? माझ्या लग्नासाठी तुम्ही एवढं सगळं सोडून द्यायचं, हे मला चालेल असं वाटलं तुम्हाला?”

“तुझ्यासाठी कोण सोडत हुतं?”

मला कळलं नाही. समोर एक गाडी फलाटाला लागत होती, ड्रायव्हर मागे घेत होता आणि कंडक्टर पत्र्यावर हात आपटत होता. आप्पा गाडी थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

“मी एसटीच्या वर्कशॉपला लागलो हुतो,” ते म्हणाले. “तुला ठावं न्हाई. तुझ्या आईला बी मी फार सांगितलं न्हवतं. हेल्पर म्हणून. इंजिन उतरवायचो, परत बसवायचो. मग माझ्या बापाच्या अंगावरनं वारं गेलं. एक बाजू गेली. धाकटे सगळे शाळंत. म्हातारा म्हणाला, मी बरा होईस्तवर बस दुकानात. म्हणून बसलो.”

“आणि?”

“आणि काय? म्हातारा बरा झालाच न्हाई. मी बसलेला उठलोच न्हाई.”

“पण तुम्ही तर कधी...”

“कधी काय? कुरकुर केली न्हाई म्हणून आवडत हुतं व्हय? एक दिवस आवडलं न्हाई मला ते. एक दिवस. पहाटंच्याला उठताना रोज पोटात गोळा यायचा. अजून येतोय.”

“मग सोडलं का नाही?”

“कशासाठी सोडायचं?” आप्पांचा आवाज चढला. बाजूच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. “चालता धंदा माणूस सोडतो, तर लोक इचारत्यात, का सोडला? काय सांगायचं? मला आवडत न्हाई म्हणून? बापानं उभं केलेलं दुकान, ते बी चांगलं चाललेलं, आन् मी सांगू आवडत न्हाई? आधी तुझी आई हुती, मग तुझं शिक्षण हुतं. कारण सापडंना. आन् परागचा फोन आला. म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका, पण लग्नाआधी दुकान बंद करता येईल का? अवघडला हुता बिचारा. आन् मी हिकडं... त्या रात्री मी झोपलो, वैजू. सकाळी भावकीत सांगून टाकलं, पोरीच्या लग्नासाठी सोडतोय. एकानं चकार शब्द काढला न्हाई. उलट म्हणाले, बाप असावा तर असा.”

मी शेंगदाण्याची पुडी हातात घट्ट धरून बसले होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि काय ओरडायचं ते सुचत नव्हतं. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? कुणाला सांगितलं असतं त्यांनी? ज्या माणसानं बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं त्यानं?

“मग आता सोडा,” मी म्हणाले. “लग्नाचं राहू दे. पाडव्याला किल्ली देऊन टाका त्या मोबाइलवाल्याला. तुम्हाला नको आहे ना? बास झालं.”

“आता?” ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझी कीव आल्यासारखे ते बघत होते. “सगळ्या हाटेलासमोर तू वरडून सांगितलंस, मला बापाच्या दुकानाची लाज वाटत न्हाई. त्या बाईच्या डोळ्यात पाणी आलं ते ऐकून, तू गेल्यावर. आता मी सोडलं तर त्याचा अर्थ काय हुतो? पोरीला न्हाई वाटत, बापाला वाटती?”

“तसं कोण म्हणणार आहे?”

“मीच म्हणीन की.”

विट्याची गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. आप्पा सावकाश चढले. त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. ब्लेझरची घडी मांडीवर ठेवून ते बसले आणि गाडी निघता निघता खिडकीतून वाकून म्हणाले, “जेवून घे कुठंतरी. तिथं घास घेतला न्हाईस तू.”

पराग पुढे महिनाभर फोन करत राहिला. एकदा आम्ही भेटलो. तो म्हणाला, मी बदलेन. मी म्हणाले, बदल, पण माझ्यासाठी नको. ते तिथेच संपलं. काकू मात्र मे महिन्यात खरोखरच विट्याला जाऊन आल्या, एकट्या, एसटीनं. आप्पांनी त्यांना स्वतः रांधून जेवू घातलं. मला हे कळलं ते फार उशिरा, तेही दोघांपैकी कुणाकडून नाही, शेजारच्या मावशींकडून.

आणि दुकान चालूच राहिलं. पाडव्याला किल्ली दिली गेली नाही. मोबाइलवाल्यानं समोर दुसरा गाळा घेतला. मी दर रविवारी दुपारी फोन करायचे आणि दर रविवारी तोच वाद व्हायचा. गुडघे दुखतात म्हणता ना, मग करा बंद. गुडघे काय, सगळ्यांचेच दुखत्यात. पुतण्याला द्या चालवायला. तो काय चालवतोय. बाजार समितीनं बोकडांच्या बाजाराची जागा बदलली, घाटातून माल वेळेवर येईना, शेजारी नवं चकचकीत दुकान निघालं. यातलं प्रत्येक कारण मी त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं आणि प्रत्येक कारण त्यांनी परत केलं. चिडून मी फोन आपटायचे. पुढच्या रविवारी पुन्हा करायचे. माझं लग्न झालं, मी नाशिकला आले, नवऱ्यानं दुकानात जाऊन आप्पांच्या शेजारी बसून चहा घेतला, तरी आमचा वाद तोच. कधी कधी वाटायचं, त्या दिवशी मी गप्प बसून तो स्टेक खाल्ला असता तर? मग परागच्या घरात काढावे लागले असते ते दिवस डोळ्यांसमोर यायचे, आणि तेही नको व्हायचं. त्या जेवणातून नीट बाहेर पडायची वाटच नव्हती. मी कितीदा तरी शोधून बघितली.

काही वर्षांनी एका मंगळवारी भर दुपारी आप्पांचा फोन आला. मंगळवारी आप्पा कधी फोन करत नसत.

“दुकान बंद केलं,” ते म्हणाले. “आत्ता कुलूप लावून आलो.”

“काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय.”

“मग? काही भांडण झालं का? कुणी काही म्हणालं?”

“न्हाई गं. कंटाळा आला.”

मी खुर्चीत बसले.

“लोक विचारतील ना, आप्पा,” मी म्हणाले. “लोकांना काय सांगितलं?”

“हेच की,” आप्पा म्हणाले. “कंटाळा आला.”